वाईट बाळ कसं रडतं?

टेक एक.

"थांबा!" रचनाकाराने काचेवर थाप मारली. "आत्या, हे माणसाच्या बाळासारखं वाटतंय."

काचेपलीकडे, माईकसमोर, त्याची सख्खी आत्या उभी होती. कार्टूनमधल्या बाळांना आवाज देण्यात तिची हयात गेली होती. भाच्याने रचलेल्या व्हिडिओ गेममध्ये आता खडकतोंडे नावाच्या राक्षसांच्या पिल्लांचं रडणं तेवढं मुद्रित करायचं उरलं होतं.

टेक दोन.

"अजून खरखरीत! खडकतोंडे जन्मजात दुष्ट आहेत गं."

"जन्मून किती वेळ झाला याला?"

"तासभर."

"तासाभरात काय दिवे लावले त्याने?"

ध्वनिमुद्रक फिसकन हसला. रचनाकाराचं डोकंच फिरलं. गेम खेळून बघणारे मोठ्या खडकतोंड्यांना बिनदिक्कत मारत; पिल्लांपाशी मात्र त्यांचे हात थांबत, खेळ रखडे. रडणंच दुष्ट वाटलं, तर ते थांबणार नव्हते. आज हे सुटलं नाही तर गेम दुसऱ्याकडे देईन, असं साहेबांनी बजावलं होतं.

टेक तीन. बाळ.

टेक चार. पुन्हा बाळच!

"आत्या, तू मुद्दाम करतेस!"

"मग ये आत. वाईट बाळ कसं रडतं ते करून दाखव, मी नक्कल करते."

तो तावातावाने आत गेला. तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"अगं, खेळ आहे हा! त्यांची जमातच तशी..."

आत्याने हेडफोन काढून आपटले.

"पुन्हा बोल! पुलाखालची वस्ती सोडून आपण इमारतीत राहायला आलो, तेव्हा शेजारीण हेच म्हणाली होती. तिच्या पोराची सायकल हरवली, म्हणून तुझे खिसे झाडले तिने. सात वर्षांचा होतास रे तू. सायकल, आणि खिशात!"

आत्याने काचेकडे बोट दाखवलं.

"आणि तुझे हे खडकतोंडे राहतात कुठे?"

त्याने काचेपलीकडच्या पडद्याकडे पाहिलं. त्यानेच रंगवलेली वस्ती. ओल आलेल्या भिंती, पत्र्याची छपरं आणि वर...

"पूल," तो पुटपुटला.

संताप! शेजारणीवर, साहेबांवर, पण सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातावर. असं रंगव म्हणून या हाताला सांगितलं होतं कुणी? कुणीच नाही!

बाहेर येऊन त्याने संगणक ओढला. खडकतोंड्यांच्या गुणांमध्ये 'जन्मतः दुष्टपणा' अशी एक पट्टी होती, काठोकाठ भरलेली. त्याने ती रिकामी केली. मग पट्टीच उडवली. मग साहेबांना फोन.

"खडकतोंडे चिडतील, लढतील. पण त्याला कारण असेल, आणि ते खेळणाऱ्याने शोधायचं. मला काढायचं तर खुशाल काढा!"

साहेब काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही.

वाचकहो, राक्षस जन्मत नाहीत. कुणीतरी निवांत बसून त्यांची पट्टी भरतं. 'ती जमातच तशी' हे शब्द ओठांवर आले, तर आधी त्या जमातीतल्या तासाभराच्या बाळाचा गुन्हा सांगा. सांगता येत नसेल, तर गिळा ते शब्द!

टेक पाच.

"कसं रडू?" आत्याने विचारलं.

"बाळासारखं," तो म्हणाला.