खरखरीत वाट

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस आधी फरशीचं कौतुक करतो आणि मग विचारतो, "हा पट्टा असा का?" आतल्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत, भिंतीला धरून, दोन हात रुंदीचा एक मंद, खरखरीत पट्टा आहे. बाकीच्या फरशीत तोंड दिसतं, तिथे दिसत नाही. एक पाहुणे तर म्हणाले, कारागिरानं काम अर्धवट टाकलेलं दिसतंय. तो कारागीर म्हणजे माझे वडील, आणि त्यांनी आयुष्यात काम अर्धवट टाकलं नाही. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण या एका प्रश्नाला मी चिडत नाही. बसा म्हणते, आणि सांगते.

बाबा फरशी पॉलिश करायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत मशीन फिरवलं. आधी जाड दाण्याचा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मेण. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी भुकटी असायची. आमची फरशी त्यांनी लग्नानंतर आईसाठी घोटली. आईची अट एकच होती, दिव्यातली तार फरशीत दिसली पाहिजे. नुसता उजेड दिसून भागणार नव्हतं. बाबांनी आठ दिवस घोटली. नवव्या दिवशी आई वाकून बघत म्हणाली, "दिसते, पण जरा वाकडी दिसते." हे वाक्य बाबा जन्मभर सांगायचे आणि दर वेळी तेवढेच हसायचे.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. एका कामावर वाळूच्या ढिगात सापडलेलं पिल्लू. स्वतः काडीचं काम न करता दिवसभर दुसऱ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून हे नाव. पॉलिश संपलं की तो सगळ्या खोलीतून एक फेरी मारायचा आणि मधोमध अंग टाकायचा. "झालं, मुकादमानं पास केलं," असं म्हणूनच बाबा मशीनची वायर गुंडाळायचे. घरमालकांनाही ते इतकं सवयीचं झालं होतं, की एका बाईंनी कुत्रा आला नाही तर काम पुरं धरणार नाही म्हणून सांगितलं होतं. मी शाळेतून थेट कामावर जायची आणि पायरीवर बसून ही पाहणी बघायची. त्या दिवसांची आठवण आली की अजून नाकात ओल्या भुकटीचा वास येतो.

आई गेली तेव्हा मुकादम सात वर्षांचा होता. तिच्यामागे फरशी मी सांभाळायला घेतली. दर रविवारी मेण, रोज कोरडं फडकं. आणखी एक गोष्ट मी सांभाळली. भिंतीवर, कमरेच्या जरा वर, आतल्या खोलीपासून दारापर्यंत गेलेला एक पुसट मळकट पट्टा. आईला चालताना भिंतीवरून हात फिरवायची सवय होती, तिच्या हाताचा डाग तो. रंगारी दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी त्याला ती भिंत सोडायला लावली. वाईट दिवस असला की मी त्या डागावर हात ठेवून उभी राहायची. बाबांनी त्यावर कधी अक्षर काढलं नाही.

मुकादमाला तेरावं लागलं आणि फरशीवर चरे दिसायला लागले. मी त्याला रागावले. मग तो पुढच्या खोलीत येईनासा झाला. आतच पडून राहायचा, ताटलीही पडल्या पडल्या चाटायचा, बाबा बाहेरून आले तरी शेपटी तिथूनच हलवायचा. म्हातारा रुसलाय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आणि चरे जाईनात म्हणून हट्टानं आठवड्यातून दोनदा मेण चोळायला लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरात फरशीचे दोन जाणकार, आणि त्या फरशीवर कुणाचे पाय टिकत नाहीयेत, ते दोघांनाही दिसत नव्हतं.

आधी बाबांना दिसलं. एका दुपारी ते गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून फरशी निरखायला लागले, कामावर निरखायचे तशी. मग म्हणाले, हे चरे पुढच्या पायांचे नाहीत, मागच्यांचे आहेत, आणि डाव्याचे लांब आहेत. त्यांनी मागच्या खोलीतून संगमरवराच्या भुकटीचा डबा आणला, चाळणीनं फरशीवर पातळ थर दिला आणि मुकादमाला हाक मारली. तो कसाबसा उठला. आधी पुढचं धड, मग बराच वेळ काहीच नाही, मग एका हिसक्यात मागचं. भुकटीत सगळं उमटलं. पुढचे पंजे रुंद आणि खोल, कारण सगळा भार तो पुढे टाकत होता. मागचे एकमेकांना चिकटलेले. डाव्या मागच्या पंजापुढे दर पावलाला नखांची एक रेघ, पाय उचलला न जाता ओढला गेल्याची. आणि ही सगळी पावलं भिंतीला अगदी लागून. मी मोबाइलवर फोटो काढले. मला रडायला येत होतं, कारण इतके दिवस मी त्याला रुसका म्हणत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दोनदा बघितले. म्हणाल्या, हे मला इथे कळलं नसतं, दवाखान्यात कुत्री भीतीनं नीट चालून दाखवतात. मग त्यांनी त्याच्या मांड्या चाचपल्या, मागचा पंजा उलटा करून टेकवला आणि तो सरळ करायला किती वेळ लावतो ते पाहिलं. उजवा लगेच सरळ झाला, डावा थोडा रेंगाळून. कमरेचे सांधे झिजले होते, मांड्या वाळल्या होत्या. म्हातारपण हा काही आजार नाही, पण दुखणं आहे आणि ते कमी करता येतं, असं म्हणून त्यांनी औषध दिलं, वजन उतरवायला सांगितलं, नखं कापली. शेवटी म्हणाल्या, "घसरायच्या भीतीनं तो उठतच नाही, आणि उठला नाही तर उरलेली ताकदही जाईल. आधी त्या फरशीचं बघा. महिन्याभरात चालायला लागला नाही, तर आपल्याला वेगळं बोलावं लागेल." वेगळं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं.

सतरंज्या घातल्या, त्या सरकल्या. पोती टाकली, त्यांत त्याची नखं अडकून तो तोंडावर पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मशीन बाहेर काढलं आणि त्याला सगळ्यात जाड दाण्याचा दगड लावला. मी आडवी आले.

"हात लावायचा नाही. आईची फरशी आहे ती."

बाबा चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला भिंतीशी नेलं, त्या डागापाशी. "हा काय आहे, सांग."

"आईची सवय. भिंतीवरून हात फिरवायची."

"मलाही तसंच वाटायचं. भुकटीत मुकादमाची पावलं बघितली तेव्हा कळलं." ते डागाकडे बघतच बोलले. "हा शेवटच्या दोन वर्षांतला आहे. त्याआधी तीस वर्षं तिनं या भिंतीला बोट लावलं नव्हतं. तिचे गुडघे गेले होते गं. ती आधार घेत होती. आणि मी दर सहा महिन्यांनी मशीन काढून आणखी चमकवत होतो. ती खाली बघून म्हणायची, तार दिसते हो."

मी बाजूला झाले. वायर मीच जोडून दिली.

दिवसभर मशीन चाललं. बाबांना मध्ये मध्ये बसावं लागत होतं, पण हात पूर्वीसारखाच एका रेषेत फिरत होता, फक्त आयुष्यभर जे केलं त्याच्या उलट. संध्याकाळी आम्ही राड धुऊन काढली, पट्टा कोरडा केला आणि दाराशी जाऊन बसलो. कुणी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं आत नखांचा आवाज झाला. मुकादमानं पुढचा पाय पट्ट्यावर ठेवला, काढला, परत ठेवला. मग मागचे आले. डावा अजून ओढत होता, पण घसरत नव्हता. मध्यावर आल्यावर त्याचं अंग भिंतीपासून सुटलं. तो दारापर्यंत आला, आम्हा दोघांना हुंगलं, वळून अर्ध्या वाटेवर गेला आणि तिथे अंग टाकलं.

बाबांनी म्हणायची ती ओळ मी म्हटली, कारण ते म्हणत नव्हते. "मुकादमानं पास केलं, बाबा."

ते कुत्र्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर भिंतीवर, कमरेच्या जरा वर होती.

"आठ वर्षांपूर्वी करायला हवं होतं," ते म्हणाले, आणि वायर गुंडाळायला लागले.