तेलाचा दिवा

सिस्टरच्या मोटरसायकलवरचा तेलाचा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा ती टेकडीपलीकडच्या वस्तीवर एका बाळंतिणीला बघायला निघाली होती. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली फिरती परिचारिका. मीटरशेजारचा तो वाटाण्याएवढा लाल दिवा म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब कमी झाल्याची खूण, आणि तो लागला की गाडी तिथल्या तिथे बंद करायची, एवढं तिला ठाऊक होतं. तिने गाडी हमरस्त्याच्या कडेला घेतली. तेल पाहिलं तर पुरेसं होतं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि दिवा मुकाट्याने विझला.

गेली बारा वर्षं तिची गाडी एकाच गॅरेजात जायची. तिथे मिस्त्री आणि त्याची लेक असे दोघेच काम करत. मिस्त्रीने दाब ओळखणारा स्विच बदलला. आठवड्याने दिवा पुन्हा लागला, तेव्हा स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर बदलली आणि आता लागलाच तर कानाडोळा करा म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने गाडी स्टँडवर लावून अर्धा तास सुरू ठेवली आणि तिघं जण दिव्याकडे टक लावून बसले. दिवा काही लागेना.

सिस्टर म्हणाली की दवाखान्याची पायरी चढली की लोकांचा ताप उतरतो, तसंच हिचं दिसतंय. मिस्त्री हसला. इंजिनाच्या आवाजात काही खोट नाही, दिव्यालाच खोड लागली आहे, तेव्हा जरा कानाडोळा करा, असं त्याने पुन्हा सांगितलं. सिस्टरने मान डोलावली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. हातमोजे चढवताना तिने दोनदा मीटरकडे पाहिलं.

लेक गिऱ्हाइकासमोर बापाचा शब्द खाली पडू देत नसे. सहा वर्षं ती त्याच्या हाताखाली शिकली होती. पण सिस्टरच्या पिशवीत एक वही असते हे तिला माहीत होतं. पेशंटचे ताप, रक्तदाब, औषधांच्या वेळा, सगळं त्यात टिपलेलं असायचं. ती सिस्टरला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि दिव्याच्या वेळा कुठे लिहिल्यात का, असं सहज विचारलं. वहीच्या शेवटच्या पानावर नऊ नोंदी होत्या: कुठे, किती वाजता, निघून किती वेळ झाल्यावर.

त्या लेकीने दोनदा वाचल्या. नऊही वेळा गाडी चाळीस मिनिटांहून जास्त चाललेली होती, तीही सरळ रस्त्याला, वेगात. गावातल्या गल्ल्यांत दिवा एकदाही लागला नव्हता. वस्तीकडच्या खड्ड्यांच्या वाटेवरही नाही. वायर कुठे घासत असती, तर खड्ड्यांत आणि वळणांवर आधी बोंबललं असतं. आणि थांबून दम खाल्ला की दर वेळी सगळं ठीक.

"सिस्टर, गाडी दोन दिवस राहू द्या," ती म्हणाली. "दिवा उगाच लागतो असं मला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्विचच्या जागी दोन तोंडांचा जोड बसवला. एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला लांब नळीचं दाब मोजायचं घड्याळ. ते तिने टाकीवर चिकटपट्टीने घट्ट बांधलं. मिस्त्रीने एवढंच विचारलं की फुकट पेट्रोल जाळून काय मिळणार. मग त्याने समोरच्या स्कूटरचा नट उचलला आणि तो आट्यांवर नीट बसेपर्यंत बोटांनी चाचपत राहिला.

ती हमरस्त्याला लागली. काटा चारवर स्थिर होता. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली, तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला काटा तीनवर आला, मग दोनवर, आणि पाहता पाहता घसरत शून्याजवळ गेला. लाल दिवा लागला. तिने झटकन इंजिन बंद केलं.

रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसून ती पाणी प्यायली. दिवा खरं बोलत होता. म्हणजे सिस्टर दोन महिने, कधी पाठीमागे पेशंटला बसवून, वेगात जाम होऊ शकणाऱ्या इंजिनावर हिंडत होती. दहा मिनिटांनी गाडी सुरू केली तर काटा पुन्हा चारवर. पंप झिजला असता तर तो विश्रांतीने बरा झाला नसता. तेल ओढलं जातं तेव्हा अडकणारं आणि ओढ थांबली की सुटून खाली पडणारं असं काहीतरी आत होतं. अडकायला जागा एकच, पंपाच्या तोंडावरची जाळी.

हळूहळू, मध्ये दोनदा थांबत, तिने गाडी परत आणली. मिस्त्री जेवायला घरी गेला होता. तिने तेल काढलं, बाजूचं झाकण उघडलं आणि जाळी बाहेर काढली. जाळीत आणि तिच्याखाली साचलेल्या तेलात करड्या रंगाचे मऊ तुकडे होते, उंदराने कुरतडलेल्या रबरासारखे. झाकणाच्या आतल्या कडेला त्याच रंगाची पेस्ट बुटाच्या नाडीएवढी जाड बाहेर आलेली होती, आणि मधून मधून तुटलेली.

झाकण तेलबंद करायची ती पेस्ट केसाएवढ्या रेघेत लावायची, हे तिला बापानेच शिकवलं होतं. सुरुवातीला तिची रेघ जाड पडली की तो पुसून पुन्हा लावायला लावायचा. आणि हे झाकण आजवर एकदाच उघडलं गेलं होतं. चार महिन्यांपूर्वी क्लच बदलताना. तेव्हा ती तापाने अंथरुणावर होती.

तिला बापाचा राग आला नाही. राग यायच्या आधीच तिला भराभर गोष्टी आठवत गेल्या. नव्या स्विचवरचा नंबर त्याने तिच्याकडून वाचून घेतला होता. पेपरात हल्ली काही नसतं म्हणून त्याने पेपर वाचणं सोडलं होतं. रेघ दिसत नव्हती, तेव्हा कमी पडायला नको म्हणून त्याने जास्त लावली होती.

जाळी धुवायची, झाकण बसवायचं, सिस्टरला सांगायचं की कचरा अडकला होता. कुणाला काही कळलं नसतं. हातात चिंधी घेऊन ती बराच वेळ तशीच बसली. पण त्याला कळलं नाही तर तो उद्याही तशीच रेघ लावणार होता.

मिस्त्री आला तेव्हा तिने जाळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग अंगठ्याने एक तुकडा चुरडून पाहिला.

"हे माझं काम आहे," तो म्हणाला.

"हो, बाबा."

तो स्टुलावर बसला. "जवळचं धुक्यातून दिसतं. वर्ष झालं असेल. म्हटलं, हाताला सगळं पाठ आहे."

"हाताला पाठ आहे. पण रेघ किती जाड पडली, ते हाताला कळत नाही."

त्याने विचारलं की ती तापात होती त्या दिवसांपासून आजपर्यंत कुणाकुणाच्या गाड्यांची झाकणं त्याने एकट्याने बंद केली. दोघांनी मिळून आठवलं. आणखी पाच निघाल्या.

संध्याकाळी सिस्टर आली. मी सांगते, असं लेकीने सुचवलं होतं, पण मिस्त्रीने तिला हातानेच थांबवलं. चूक कोणती, कशी झाली, का झाली, सगळं त्याने सिस्टरला उभ्यानेच सांगितलं. डोळ्यांचंही. सिस्टरने ऐकून घेतलं. ती आवाज चढवणारी बाई नव्हती, आणि म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागलं.

"मिस्त्री, तुम्ही मला कानाडोळा करायला सांगितलंत. तुमचा शब्द म्हणून मी दोनदा दिवा लागलेला असताना तशीच पुढे गेले. मागे पोटुशी बाई बसलेली होती."

मिस्त्रीने मान खाली घातली. मग सिस्टरने पिशवीतून टॉर्च काढला, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे पाहिले. मोतीबिंदू होता, उजवा तर पिकत आलेला. तिने वहीतलं पान फाडून त्यावर डोळ्यांच्या डॉक्टरचा वार आणि वेळ लिहिली आणि ते लेकीच्या हातात दिलं, त्याच्या नाही.

पाचपैकी तीन गाड्या त्याच आठवड्यात आल्या. एकीत दोन तुकडे सापडले, बाकी दोन साफ. चौथीचा मालक गाव सोडून गेला होता, त्याला फोनवर सगळं समजावून सांगितलं. पाचवा होता एक गवंडी. गाडी झकास पळतेय, कुठलाही दिवा लागत नाही, मग इंजिन कशाला उघडायचं, असं म्हणून तो यायलाच तयार नव्हता.

तेव्हा मिस्त्री पाने-पक्कड पिशवीत भरून, लेकीला घेऊन, बसने त्याच्या घरी गेला. गवंडी कामावर होता. दोघं पायरीवर दोन तास बसून राहिले. तो आल्यावर मिस्त्रीने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझ्या हातून चूक झाली असेल, हे अनोळखी अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगणं त्याला जड गेलं, हे लेकीला त्याच्या आवाजावरून कळलं. गवंड्याने शेवटी हात टेकले आणि किल्ली दिली.

झाकण लेकीने उघडलं. जाळी स्वच्छ होती, एक कणही नाही. गवंडी म्हणाला, बघा, मी सांगत नव्हतो? मिस्त्रीने मात्र जाळी बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपली आणि खात्री झाल्यावर तिच्याकडे दिली. नवी पेस्ट तिने लावली. तो शेजारी उकिडवा बसून होता. दिसत नव्हतं, म्हणून तो मधूनमधून विचारत होता, आणि ती सांगत होती: बारीक आहे, बाबा. हो, सगळीकडे सारखी.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. डावा अजून बाकी आहे. तोवर पेस्टची नळी लेकीच्या कप्प्यात असते, आणि लागली तर तो ती मागतो.