तूप चालतं, भाकरी नको

भाकरी टम्म फुगली की सगळे तिचंच कौतुक करतात. तिच्याखाली तापतो तो मी, हिर्डोशीतल्या कुंडलिकतात्यांच्या घरचा बिडाचा तवा.

जन्म माझा भट्टीतला, पण तयार झालो फुलाबाईंच्या चुलीवर. नवा संसार मांडताना त्यांनी मला भोरच्या बाजारात टिचकी मारून पारखलं, घरी आणून कांद्यानं तेल चोळलं. तेव्हापासून नाचणीची भाकरी माझ्यावर कधी चिकटली नाही. तात्यांनी डोंगरउतारावरची शेतं कसली ती माझ्यावरच्या भाकरीच्या बळावर, हे मी छाती फुगवून सांगतो.

मागच्या वर्षी तात्यांच्या छातीत कळ आली. पुण्याला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. रक्तात साखरही निघाली. घरी आल्यावर शेजारच्या चिमाजींनी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. भात-भाकरी बंद, तूप, लोणी, अंडी, मटण पोटभर. तात्यांना पटलं. त्याच दिवशी मी दाराआडच्या खिळ्यावर गेलो, आणि माझ्या जागी आलेल्या नॉनस्टिक तव्यात अंडी तुपात पोहू लागली.

खोटं कशाला बोलू? साखर उतरली, वजनही उतरलं. पण आमच्या गावात कुणी कुणाला दारातून रिकाम्या तोंडी उठू देत नाही. तात्यांना भाकरी चालत नाही, तूप चालतं, हे कळल्यावर घरोघरी तुपाची वाटी पुढं येऊ लागली. नको म्हटलं तर घरधनीण रुसते. तात्या सगळ्यांचा मान राखत राहिले.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखरेबद्दल शाबासकी दिली, पण रक्तातली चरबी फार वाढली होती. जाळी बसवलेल्या हृदयाला हे झेपायचं नाही, म्हणाल्या. तूप चमच्यावर आणा, भाजी आणि कडधान्य वाढवा, जेवणात अर्धी नाचणीची भाकरी घ्या, गोळ्या चुकवू नका. तात्यांनी मान हलवली, आणि घरी येऊन पुन्हा वाटी ओढली. त्यांना भाकरीचं भय बसलं होतं. फुलाबाईंना त्या वाटीचं.

मग नव्या नाचणीचा दिवस आला. आमच्याकडे नव्या धान्याची पहिली भाकरी देवाला दाखवतात, ती घरातलं थोरलं माणूस मोडतं, मगच बाकीचे जेवतात. फुलाबाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं, विटेच्या तुकड्यानं गंज घासला, तेल चोळलं. इतक्या दिवसांनी जमेल का, मला धाकधूक होती. पण भाकरी अलगद सुटली, फुगली. तात्यांपुढं आली, तर त्यांनी ताट मागं सारलं.

फुलाबाई चुलीपाशी तशाच बसून राहिल्या.

"तू खा की," तात्या म्हणाले.

"थोरल्यानं मोडल्याबिगर म्या कशी खाऊ?"

"आन् साखर वाढली म्हंजी?"

"बाईंनी अर्धी सांगितलीया. अर्धी तुमी, अर्धी म्या. पर ती वाटी आता हितं दिसायची न्हाई." मग आवाज खाली गेला. "आवो, तुमच्या मागं म्या कुणासाठी भाकरी थापायची?"

तात्यांनी मागं सारलेलं ताट पुढं ओढलं. मग त्यांनी भाकरी मोडली. एक अर्धी फुलाबाईंच्या ताटात ठेवली, दुसरी माठाच्या भाजीबरोबर कोरडीच खाल्ली.

तेव्हापासून घरोघरच्या तुपाच्या वाट्यांनाही तात्या हात जोडू लागले, गोळ्या वेळेवर घेऊ लागले. पुढच्या तपासणीला चरबी खाली आली होती, साखरही आवाक्यात होती. आता तात्या रोज ओढ्यापर्यंत चालून येतात. परवा चिमाजींनी टोमणा मारला, की तात्यांनी भाकरी खाऊन व्हिडिओला फसवलं.

"न्हाई बा," तात्या म्हणाले. "त्या व्हिडिओवाल्याला आपल्या गावचा आग्रह कुठं ठावं?"

पूर्वी माझ्यावर टोपलीभर भाकऱ्या व्हायच्या. आता जेवणाला एकच होते, पण माझा रुबाब कमी झालेला नाही. तुमच्याही दाराआड माझा एखादा भाऊ गंजत असेल, तर त्याला घासून चुलीवर ठेवा. किती खायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला मात्र अजून तापायचंय. भाकरी मोडल्याचा आवाज येतो, दोन ताटांत दोन अर्ध्या पडतात, आणि मगच मी निवांत गार होतो.