बाबांनी वळवलेलं विमान

"वळलं! वळलं!"

पाटोद्याजवळच्या टेकाडावर जमलेली गर्दी आभाळाकडे तोंड करून ओरडत होती. मावळतीकडून विमानाचा चंदेरी ठिपका सरळ येत होता. त्रिशूळबाबांनी काठी उगारली आणि ठिपका डावीकडे वळला. बायांनी हात जोडले, कुणी नारळ फोडला.

"पायलं का बे?" बाबा गरजले. "एवढं मोठं विमान आपल्या हुकमात हाय, तर ती ईज कोन लागून गेली? आना मेंढरं त्रिशुळापाशी. रिंगण करा घट्ट!"

टेकाडाच्या माथ्यावर रोवलेला तो त्रिशूळ लोखंडी, पुरुषभर उंचीच्याही वर. मला एका जागी उभं राहवेना. उगवतीला ढग फुगत चालला होता, त्याचं बूड काळं पडलं होतं आणि वारा एकाएकी थांबला होता. अशा वेळी लोक उघड्या माळावर मेंढरं गोळा करत होते आणि त्यात माझी दगडाआत्याही होती. मागच्या उन्हाळ्यात वीज पडून तिचा अर्धा कळप गेला. उरलेला तरी वाचावा म्हणून ती इथं आली होती. बुडत्याला काडीचा आधार, पण ही काडी तिलाच बुडवायला निघालेली.

"आत्या, ढग गडगडला की आपण मेंढरं पांगवतो ना? आज्यानंच शिकवलं की."

"तवा बाबा नव्हते, तेजू."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी गर्दीतून पुढे घुसले. "बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही इथून वळवलं म्हणता ना, ते विमान मीच चालवत होते!"

गर्दीच्या माना माझ्याकडे वळल्या. आत्या तेवढ्यातही कौतुकानं म्हणाली, "माजी भाची हाय. विमान चालवती."

बाबा गोड हसले. "मंग सांग लेकी, तुजा हात कोनी वळिवला? तुला वाटलं तू वळिवलं. वळिवलं आमी!"

टाळ्या पडल्या. कसंही झालं तरी बाबाच खरे, हीच तर या धंद्यातली मेख.

"माझा हात रडारनं वळवला," मी ओरडूनच सांगितलं. "ते विमानाच्या नाकात असतं. पुढे लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. पडद्यावर हलका पाऊस हिरवा, जोराचा लाल. लाल दिसलं की आम्ही परवानगी मागतो आणि लांबून वळसा घालतो. आत्ताचं विमानही तसंच वळलं. तुम्हाला भिऊन नाही, त्या ढगाला भिऊन!"

"मंजी तुज्या यंत्राला समदं दिसतं?" बाबांनी खोचकपणे विचारलं.

"नाही दिसत. कोरड्या गारा नीट कळत नाहीत. दाट पावसाच्या मागचं तर झाकूनच जातं. पडद्यावर तिथं काळं, मोकळं दिसतं आणि तिथंच दुसरा ढग दबा धरून असू शकतो. त्या मोकळ्यावर भरवसा ठेवणारा वैमानिक मरतो. म्हणून आम्ही ढगापासून लांबच राहतो. सगळं दिसतं ते फक्त तुम्हाला!"

कुणीतरी फिसकन हसलं. माझं लक्ष बाबांचा चेला हरिओम याच्याकडे गेलं. तो मघापासून झोळीत डोकावत होता, बाबांनी काठी उगारायच्या आधी खोकलाही होता. मी खूण करताच त्याच्या शेजारी उभ्या बंकट धनगरानं झोळीतून फोन ओढून काढला.

"आयला! हितं तर नकाशावर विमानं पळायलीत!"

"ते कुणालाही बघता येतं," मी म्हणाले. "विमान जवळ आलं की हा खोकतो आणि बाबा काठी उचलतात. दरबार भरतो तोही ढग असेल त्याच दिवशी. बघा, दक्षिणेकडून आणखी एक येतंय. तिकडं आभाळ मोकळं आहे. वळवा बाबा!"

बाबांनी काठी उगारली, मंत्र म्हटले, पुन्हा उगारली. विमान नाकासमोर निघून गेलं.

"त्याच्यात पापी बसलेत!" बाबा म्हणाले.

तेवढ्यात ढग कडाडला. धोतराचा सोगा हातात धरून बाबा पळाले, उताराखाली उभ्या आपल्या जीपमध्ये शिरले आणि काचा वर केल्या. हरिओम बाहेरून दार ठोकत राहिला.

दगडाआत्या जीपकडे बघत होती. "विमान पळालं, बाबा बी पळाला," ती सावकाश म्हणाली. "मंग आमी कावून हितं?" आणि एकदम तिनं काठी आपटली. "पांगवा रं मेंढरं! खाली चला!"

लोक उताराखालच्या सखल जागी अंतर ठेवून उकिडवे बसले. पावसात भिजलेली मेंढरं इकडं-तिकडं उभी होती. मग टेकाडावर वीज पडली. त्रिशुळावर की शेजारी, ते मला सांगता येणार नाही. वर तेव्हा कुणीच नव्हतं. ढग सरल्यावर आत्यानं जवळ येऊन माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

मी चिडकी आहे, उपदेश मला जमत नाही. एवढंच सांगते. कुणी तुम्हाला संकटाच्या तोंडी उभं करून अभय देऊ लागला, तर हात जोडायच्या आधी त्याला विचारा, "तुमी थांबता का हितं, आमच्यासंगं?"