माघात मोहरलेला लिंब

माघातच लिंब मोहरला! मंद्रूपच्या बाजाराला निघालेली निम्मी माणसं वाटेत माळावरच्या झाडाखालीच फतकल मारून बसली. ज्याचा मोहोर पाडव्याला गुळासंगं खायचा, तो कडू लिंब महिनाभर आधीच फुलून बसलेला. बुंध्याशी भस्म फासलेले मोहोरबाबा. दहा दिवसांमागं आले, झाडाला तांब्याभर मंतरलेलं पाणी घातलं आणि म्हणाले, "अकराव्या दिवशी देवी हसंल." आणि हसली की!

आता देवीला मान हवा होता. बाबांची नजर झाडाखाली बांधलेल्या म्हाळसाबाईच्या सोन्यावर खिळली. "हाच बोकड! देवीनं बोट दावलंय."

देवीचं बोट नेमकं धष्टपुष्ट बोकडावरच कसं पडतं, ते देवीच जाणे. आई मेलेल्या सोन्याला म्हाळसाबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. पण देवीला न्हाय कोण म्हणणार? डोळे पुसत ती दोरी सोडायला वाकली.

सोन्या खुशाल पाला चघळत होता. सकाळीच तिनं ओढ्याकाठच्या लिंबाची डहाळी त्याच्यासाठी तोडून आणली होती. त्या डहाळीलाही फुलं! म्हाळसाबाई ताठ उभी राहिली.

"बाबा, वढ्याकाठच्या लिंबाला पाणी कुणी घातलं?"

"आँ?"

"त्यो बी फुललाय की! बापूसाहेबांच्या बांधावरचा बी. एक तांब्या कुटं कुटं फिरवला तुमी?"

लोक हसले. बाबा गरजले, "माझ्या मंत्राचं वारं लागलं त्यास्नी!"

"वारं लागलंय खरं, पण उन्हाचं," शाळेच्या चन्नम्माबाई पुढं आल्या. "आमची पोरं दरवर्षी लिंबाचं पहिलं फूल वहीत लिहितात. बारा वर्षांमागं ते मार्चच्या मध्यावर दिसायचं. एखादं साल मागंपुढं, पण सरकत सरकत यंदा फेब्रुवारीत आलं. थंडी लवकर सरते, ऊब वाढते, झाड लवकर फुलतं."

"मग अकरावा दिवस कसा जुळला?" गर्दीतून बापूसाहेबांनी विचारलं.

बाईंनी सावलीकडची फांदी वाकवली. बारीक कळ्यांचे घोस लगडलेले. "आठवड्याभरात ह्याही फुलतील, तांब्या न घालता. बाबांनी आधी कळ्या पाहिल्या, मग तारीख सांगितली!"

बाबांना एकाएकी अंघोळ आठवली. ते गेले, नव्यानं मंतरून ठेवलेला तांब्या राहिला. सोन्यानं त्यातलं मंतरलेलं पाणी पिऊन टाकलं. त्याला काही झालं नाही.

"हसू नका," चन्नम्माबाई म्हणाल्या. "पाडव्याला मोहोर उरेल का, हे विचारा. हवा का तापतेय, हे विचारा. बोकड कापून थंडी परत येत नाही."

म्हाळसाबाईनं दोरी मनगटाला गच्च गुंडाळली.

"वर बघत जावा की रं जरा! पाडव्यापुरतं लिंबाकडं बघता, मग कुणीबी येऊन फसवतंय."