विराजचं वय

बास्केटबॉल खेळाडूंचा एजंट आमच्या सोफ्यावर बसला आणि त्याने माझ्या विराजला समोर उभं केलं. त्याची मनगटं दाबली, गुडघे चाचपले. बैलबाजारातल्यासारखे दात बघायचे तेवढे राहिले.

विराज सतरा वर्षांचा, जन्म पुण्यातला, साडेसहा फूट उंच, इथल्या, हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या एका क्लबकडून खेळणारा. अमेरिकेतल्या लीगने यंदा, २००५ साली, नवा नियम केला होता, एकोणीस वर्षांच्या आतली मुलं घ्यायची नाहीत. "दोन वर्षं फुकट," एजंट हळहळला.

माझा नवरा उल्हास इंजिनिअर. कामात मायक्रॉनचा फरक त्याला खपत नाही. पाहुण्याला कळू नये म्हणून तो मला मराठीत म्हणाला, "मालिनी, पुण्यात दादाला सांगून जन्मतारीख दोन वर्षं मागे नेऊ. शाळेत घालताना नाही का सगळे बदलत?"

"बाळंतपण माझं झालंय," मी म्हणाले.

विराज मराठी बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं, हे उल्हास कायम विसरतो. विराजने बापाचं बोलणं एजंटला डचमध्ये जसंच्या तसं सांगून टाकलं. आता हा माणूस संतापून निघून जाईल, असं त्याला वाटलं असणार. मलाही वाटलं.

एजंटने पेनाचं टोपण काढलं. "किती दिवस लागतील?" त्याने उल्हासला इंग्रजीत विचारलं.

"पंधरा," उल्हास म्हणाला.

मी दोघांपुढचे भरलेले कप उचलले आणि चहा सिंकमध्ये ओतला. विराज अजून तसाच उभा होता. त्याला बस म्हणायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.