घोटभर गंगा

मंडणगडच्या डोंगरातून बोलावणं आलं की दादू ड्रायव्हर आधी एक शिवी हासडायचा आणि मग गाडी काढायचा. त्या दिवशी त्यानं दोन हासडल्या. पोरगी पहाटेपासून आजारी आणि माणूस सांगावा घेऊन आला होता दुपारी. "एवढा वेळ काय झोपले होते काय रे सगळे?" दादू त्याच्यावर खेकसला.

झोपले नव्हते. देवळात बसले होते. पोरीचे डोळे उघडेनात म्हणून देवाला कौल लावला होता. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता ओली पाकळी सुटायला वेळ लागतो, आणि देवाला कसली आलीय घाई? घाई विषाला असते. पण ते विष आहे हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं.

गाडी म्हणजे खेडच्या एका धर्मादाय इस्पितळाला देणगीत मिळालेली मॅटाडोर. आत एक खाट, प्राणवायूचं नळकांडं, घशातली घाण ओढायचा पायपंप आणि एक काळा रबरी फुगा. श्वास बंद पडलेल्या माणसाच्या नाकातोंडावर मुखवटा घट्ट धरायचा आणि फुगा दाबत राहायचं. दाबाल तोवर माणूस जिवंत. शहाऐंशी साली त्या भागात असली गाडी फिरायची ती केवळ डॉक्टर खातूबाईंच्या हट्टापायी. "पेशंट येईल तेव्हा बघू म्हणत बसलं की दारात मढीच येतात," असं त्या भर मीटिंगमध्ये तोंडावर बोलल्या होत्या. बरोबर जाणार कोण म्हटल्यावर सगळ्यांनी हरिश्चंद्र ब्रदरकडं बोट दाखवलं. तो पूर्वी बोटीवर आजाऱ्यांच्या खोलीत कामाला होता. त्याला घाटात ओकारी येणार नाही, एवढीच त्याची लायकी धरली गेली! पण पुढं दोघांचं असं जमलं की बाईंनी हात पुढं केला की त्यात काय ठेवायचं हे ब्रदरला विचारावं लागत नसे.

वाडीत पोचले तेव्हा अंगणात माणसं गप्प उभी होती. रडत कुणी नव्हतं, आणि हरिश्चंद्राला तेच बरं वाटलं नाही. पडवीच्या कडेला कुणीतरी दोन हिरवे बांबू तोडून आणून टाकले होते. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

जनी आतल्या खोलीत पडली होती. वीस-बावीसची असेल. नवरा महिपत गणपती आटोपून चारच दिवसांपूर्वी मुंबईला परतला होता. पोर जमिनीवर गोधडी टाकून झोपली, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली, मग पापण्या मिटायला लागल्या, मग जीभ जड झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. "वारा लागलाय," असं सगळ्यांचं मत पडलं होतं. बाईंनी बॅटरी घेऊन तिचं अंग बोटाबोटानं तपासलं, आणि कानामागं दोन टाचणीएवढे ठिपके सापडल्यावर उठून उभ्या राहिल्या.

"मण्यार," त्या म्हणाल्या. "अंथरुणात येते, चावते आणि कळूही देत नाही." मग खाली वाकून त्यांनी जनीच्या कानाशी तोंड नेलं. "जनी, ऐकू येतंय ना बाळ? येत असेल तर पायाचा अंगठा हलव."

अंगठा हलला. अगदी इतकासा. पण हलला! हरिश्चंद्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. सकाळपासून ही पोर जिवंत माणसासारखी सगळं ऐकत पडली होती, आणि तिच्या उशाशी बसून बायका लाकडांचं बोलत होत्या.

"ती पूर्ण शुद्धीवर आहे," बाई घरच्यांना म्हणाल्या. "अंगातली ताकद तेवढी गेलीय. आता श्वासही थांबेल. घाबरायचं नाही, तिचा श्वास आम्ही चालवू. विष उतरलं की आहे तशी परत येईल. पण एक नीट ऐका. तिच्या तोंडात काहीही घालायचं नाही. तिला गिळता येत नाही. चमचाभर पाणी घातलंत तरी ते पोटात जाणार नाही, छातीत जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जनीची सासू हौसा, तिनंही डोलावली. तिचा एक हात पदराआड होता.

घशात नळी घालायचा प्रयत्न बाईंनी तिथंच केला, पण घसा लाळेनं भरलेला आणि खोलीत धड उजेड नाही. "राहू दे. मुखवट्यावर नेऊ, नळी खेडला घालू," त्या म्हणाल्या. सापाच्या लसीची पहिली बाटली लावली आणि जनीला गाडीत घातलं. दीर रावजी पुढं दादूशेजारी बसला. मागं बाई, हरिश्चंद्र आणि हौसा.

पहिल्याच चढणीवर जनीचा श्वास थांबला. हरिश्चंद्रानं मुखवटा दाबला आणि फुगा हातात घेतला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. गाडी तेवढी खडखडत होती.

"गेली," हौसा म्हणाली.

"नाही मावशी, आहे. ही बघा छाती हलतेय."

"ती तुमी हलवताव, भाऊ. तुमी थांबलाव की थांबल."

म्हटलं तर तिचं खरंच होतं. हरिश्चंद्र दाबत राहिला. हौसा जनीच्या कपाळाला हळदकुंकू लावायला लागली तेव्हा बाईंनी तिच्याकडं पाहिलं, पण कुंकवानं काही बिघडत नाही म्हणून गप्प राहिल्या. सवाष्णीला जाताना लावतात तसं तिनं ते भरभरून लावलं. जनीच्या मिटलेल्या डोळ्याच्या कडेनं पाणी ओघळलं आणि कुंकू कानापर्यंत उतरलं.

"बाई, रडतेय ती," हरिश्चंद्र हळूच म्हणाला.

"मग बोलत राहा तिच्याशी. आणि दाबत राहा."

गावाच्या शिवेपाशी इंजिन तापलं. दादूनं गाडी कडेला घेतली आणि रावजीला घेऊन डबा भरायला पऱ्ह्याच्या पाण्यावर गेला. बाईंना बरंच झालं. लसीची दुसरी बाटली भुकटीची होती, ती हलत्या गाडीत कालवता येत नव्हती. त्या मागच्या पायरीवर उजेडाला जाऊन बसल्या आणि पाठमोऱ्या होऊन बाटली तळहातांत घोळवायला लागल्या.

आता हौसानं पदराआडचा हात बाहेर काढला. हातात गडू होता. काशीहून येतो तो, चपट्या पोटाचा, तांब्याचा. घरून निघतानाच तिनं त्याचं सील फोडलं होतं.

"भाऊ, शीव आली," ती कुजबुजली. "ही वलांडली की परमुलूख. माज्या सुनंच्या तोंडात गंगा घालू द्या."

"नाही मावशी. बाईंनी काय सांगितलं ऐकलंत ना?"

"ऐकला. माजं मालक मुंबयत गोदीत पडलं. पानी पानी करत गेलं, कोन नवता पाजायला. वीस वर्सं झाली, सपनात येतात, आनि पानीच मागतात. हिला तरी तशी नका धाडू. पाया पडते तुमच्या." आणि ती बया खरंच त्या एवढ्याशा जागेत वाकायला लागली.

हरिश्चंद्राचं काळीज हललं. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तो एडनच्या पुढं समुद्रात होता. शेजारणीनं घरी आल्यावर सांगितलं होतं, "तोंडात गंगा पडली हो, तुझी आई सुखानं गेली." त्या एका वाक्यावर तो आजवर जगत आला होता. त्या शेजारणीला तो दरवर्षी लुगडं पाठवायचा. आणि थेंबानं काय होतंय? नुसता ओठ ओला करायचा. लाळ काढायला मुखवटा उचलायचाच आहे. म्हातारीचं समाधान होईल, सुटका होईल. असं आपलं त्यानं मनाशी जुळवलं. माणूस चुकायला निघाला की त्याला कारणं काय, मुबलक सापडतात.

"बोट बुडवा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "ओठाला लावा. बस. त्याच्या वर एक थेंब नाही."

त्यानं मुखवटा उचलला, पायपंपाची नळी घ्यायला वळला. अहो, वळला म्हणजे किती? मान फिरवायला लागतो तेवढाच वेळ. पण परत बघतो तर गडूचा काठ जनीच्या तोंडात होता आणि हौसा तिच्या कानात म्हणत होती, "पी गो बाय, पी. राम म्हन." श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून जनीची मान त्यानंच मागं कलती ठेवली होती. पाणी कुठंही अडलं नाही.

हरिश्चंद्रानं गडू हिसकला, मुखवटा बसवला, फुगा दाबला. आतून गुळगुळ आवाज आला आणि छाती वर आलीच नाही.

बाई बाटली टाकून आत आल्या. "काय गेलं तोंडात?"

"पाणी."

"किती?"

त्याची नजर गडूकडं गेली. बाईंनी विचारायचं सोडून दिलं. जनीला कुशीवर केलं, डोकं खाली घेतलं, पंपाची नळी घशात सारली. हरिश्चंद्र पायानं पंप हाणत होता आणि जनीचे ओठ काळेनिळे पडत होते. खूप पाणी निघालं. शेवटी नळीच्या टोकाला चिकटून एक तुळशीचं पान बाहेर आलं. बाईंनी पानाकडं पाहिलं, हौसाकडं पाहिलं, मग हरिश्चंद्राकडं. इतक्या दिवसांत त्यांनी कधी असं बघितलं नव्हतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"दाबा," त्या म्हणाल्या.

छाती पुन्हा वर आली. गाडी निघाली. हौसा आता शांत होती. गडू मांडीवर ठेवून ती बाहेर बघत बसली, आणि हरिश्चंद्राला तिच्या त्या शांतपणाची भीती वाटायला लागली.

खेडला नळी घातली. उरलेली लस दिली. फुगा दाबायला पाळ्या लावल्या, आपली पाळी संपली तरी हरिश्चंद्र जागचा हलेना. आणि दुसऱ्या दिवशी विष उतरलं! बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच. आधी बोटं हलली, मग पापण्या किलकिल्या झाल्या, मग जनीनं आपला आपण श्वास घेतला. नळी काढली तेव्हा तिनं हरिश्चंद्राचं बोट मुठीत धरलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमी बोलत व्हताव. मी सगला ऐकत व्हती." त्याला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो रे बाबा.

पण त्याच संध्याकाळी तिचं अंग तापलं. बाईंच्या स्टेथोस्कोपचं टोक उजव्या बाजूला खाली एका जागी टेकलं आणि तिथंच राहिलं. त्या ऐकत होत्या, फार वेळ ऐकत होत्या. मग सुया सुरू झाल्या, एकीवर एक. ताप हटेना. मुंबईला तार गेली. जनीला पुन्हा धाप लागली, ओठ पुन्हा काळवंडले, पुन्हा नळी, पुन्हा फुगा. या खेपेलाही फुग्यात हवा होती, हाताला जोर होता, पण छाती आतून भरून आली होती. महिपतची गाडी पोचायच्या आधी, भर दुपारी, जनी गेली.

हरिश्चंद्रानं फुगा खाली ठेवला. "बाई, विष राहिलं असेल का हो थोडं?" त्यानं विचारलं. हो म्हणा, एवढंच त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"विष केव्हाच उतरलं होतं, ब्रदर," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

बाहेर व्हरांड्यात हौसा भिंतीला टेकून बसली होती. रावजी गाडी ठरवायला गेला होता. हरिश्चंद्राला बघून ती उठली आणि त्यानं मागं सरकायच्या आत तिनं त्याचे दोन्ही पाय धरले.

"भाऊ, तुमचं उपकार कसं फेडू? डाक्तरीणबायनं नाय म्हटला, पन तुमी आयकलंव. माजी पोर पान्यावाचून नाय गेली."

तो सांगणार होता. खरंच सांगणार होता. तेवढ्यात तिनं मान वर केली. वीस वर्षं झोप न लागलेले ते डोळे, आणि त्यांत एकच भीती उरली होती.

"सगला आत गेला ना हो, भाऊ? बाहेर तर नाय ना सांडला?"

"नाही मावशी," हरिश्चंद्र म्हणाला. "सगळं आत गेलं."